नकाशा एपीआय

नकाशा एपीआय म्हणजे संकेतस्थळांना आणि भ्रमणध्वनीवरील ॲपना नकाशे, स्थळांचा शोध, पत्ते, मार्ग व अंतरे पुरवणारी संगणकीय सेवा होय. एपीआय हे ‘ॲप्लिकेशन प्रोग्रॅमिंग इंटरफेस’ या संज्ञेचे संक्षिप्त रूप आहे. एका आज्ञावलीने दुसऱ्या आज्ञावलीकडे मागणी कशी नोंदवावी आणि उत्तर कोणत्या स्वरूपात मिळेल, याचे ठरवून दिलेले नियम असा तिचा अर्थ होतो. टॅक्सी मागवणे, घरपोच वस्तू पोहोचवणे, बसचे वेळापत्रक दाखवणे, रुग्णवाहिका पाठवणे, पूरग्रस्त गावांची नोंद ठेवणे अशा अनेक कामांत या सेवांचा उपयोग होतो.

प्रत्येक प्रकल्पाला स्वतः भूमापन करून नकाशा तयार करणे शक्य नसते. म्हणून तो अन्य संस्थेचा नकाशा वापरतो. असा नकाशा बहुधा विकत मिळत नाही, तर अटींवर वापरायला मिळतो. या अटी पुरवठादाराला बदलता येतात. त्यामुळे नकाशा एपीआयची निवड करताना नकाशाच्या रेखीवपणाइतकाच माहितीची मालकी, साठवणुकीची परवानगी, शुल्क आणि दुसऱ्या सेवेकडे जाण्याची सोय यांचा विचार करावा लागतो.

घटक

नकाशा एपीआय ही एकच सेवा वाटली, तरी प्रत्यक्षात तीत अनेक स्वतंत्र सेवा असतात आणि त्यांचे शुल्कही बहुधा वेगवेगळे आकारले जाते. त्यांपैकी प्रमुख सेवा पुढीलप्रमाणे आहेत.

• नकाशाचे चित्र: पडद्यावर दिसणारा पायाभूत नकाशा, उपग्रहचित्रे किंवा उंचसखलपणा दाखवणारे थर.
• जिओकोडिंग: पत्ता किंवा स्थळनाम दिले असता त्याचे अक्षांश-रेखांश शोधणे. याच्या उलट क्रियेला, म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून पत्ता काढण्याला, रिव्हर्स जिओकोडिंग म्हणतात.
• स्थळशोध: दुकाने, रुग्णालये, शाळा, बसथांबे इत्यादींची माहिती आणि टंकलेखन चालू असतानाच सुचणारी नावे.
• मार्गशोध: दोन किंवा अधिक ठिकाणांमधील रस्ता, अंतर व लागणारा वेळ.
• अंतरसारणी: अनेक आरंभस्थाने आणि अनेक गंतव्यस्थाने यांच्यामधील अंतरांचा तक्ता.

नकाशाची माहिती आणि ती पडद्यावर रेखाटणारी लायब्ररी या दोन भिन्न गोष्टी आहेत. लीफलेट व ओपनलेयर्स या मुक्त स्रोत लायब्ररी आहेत. त्या स्वतः नकाशा पुरवत नाहीत. दुसऱ्या ठिकाणाहून आलेला नकाशा दाखवतात. गूगलच्या सेवेत मात्र माहिती आणि लायब्ररी एकत्रच मिळतात. हा भेद लक्षात न घेतल्यास लायब्ररी विनामूल्य आहे म्हणून नकाशाही विनामूल्य आहे, असा गैरसमज होतो.

कार्यपद्धती

संकेतस्थळावरील नकाशा एकसंध चित्र नसतो. तो चौरस तुकड्यांचा बनलेला असतो. या तुकड्यांना टाइल म्हणतात. चित्ररूप टाइलची प्रत्येक बाजू सामान्यतः २५६ बिंदूंची असते. शून्य पातळीवर संपूर्ण जगाचा नकाशा एकाच टाइलमध्ये मावतो. त्यापुढील प्रत्येक पातळीवर एका टाइलच्या चार टाइल होतात. त्यामुळे दहाव्या पातळीवर १०,४८,५७६ आणि अठराव्या पातळीवर ६,८७१ कोटींहून अधिक टाइल लागतात. इतक्या टाइल साठवणे व त्या वेगाने पुरवणे हे खर्चाचे काम असते. नव्या पद्धतीत तयार चित्राऐवजी रस्ते, नद्या, सीमा यांची भूमिती पाठवली जाते आणि रेखाटन वापरकर्त्याच्या यंत्रावर होते. अशा तुकड्यांना वेक्टर टाइल म्हणतात. त्यांत रंग, जाडी आणि नावांची भाषा प्रकल्पाच्या गरजेप्रमाणे बदलता येते.

बहुतेक सेवा वेब मर्केटर हे प्रक्षेपण वापरतात. जेरार्डस मर्केटर याने १५६९ मध्ये सागरी प्रवासासाठी तयार केलेल्या प्रक्षेपणावर ते आधारलेले आहे. विषुववृत्तापासून दूर जावे तसे या नकाशावरील आकार मोठे होत जातात. १९ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे मुंबई व अहिल्यानगरच्या परिसरात, लांबी सुमारे ६ टक्क्यांनी आणि क्षेत्रफळ सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेले असते. पडद्यावर नकाशा पाहताना हा फरक जाणवत नाही. परंतु शेताचे क्षेत्रफळ या प्रक्षेपणाच्या निर्देशकांवरून थेट मोजल्यास एक हेक्टर जमीन सुमारे १.१२ हेक्टर भरते. पीकविमा किंवा जमीनमोजणी यांच्याशी संबंधित आज्ञावलीत ही चूक गंभीर ठरू शकते. अशा ठिकाणी क्षेत्रफळ पृथ्वीच्या गोलाभावरून किंवा समक्षेत्र प्रक्षेपणावरून काढले जाते.

निर्देशकांचा क्रम हाही नेहमी आढळणाऱ्या चुकांचा विषय आहे. काही सेवा आधी अक्षांश आणि नंतर रेखांश लिहितात. जिओजेसन या प्रचलित स्वरूपात मात्र आधी रेखांश येतो. पुण्याचे स्थान सुमारे १८.५२ उत्तर अक्षांश व ७३.८५ पूर्व रेखांश असे आहे. हे आकडे उलट वाचले गेल्यास पुणे नॉर्वेच्या उत्तरेला, बिअर बेटाच्या दक्षिणेकडील समुद्रात दिसू लागते.

इतिहास

ओपनस्ट्रीटमॅप या प्रकल्पाची सुरुवात स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये इंग्लंडमध्ये केली. स्वयंसेवकांनी मिळून जगाचा मुक्त नकाशा तयार करावा, हा त्यामागचा उद्देश होता. ८ फेब्रुवारी २००५ रोजी गूगल मॅप्स ही सेवा सुरू झाली. त्या वेळी बाहेरच्या आज्ञावलींसाठी अधिकृत एपीआय उपलब्ध नव्हता. तरीही पॉल रॅडमाकर यांनी गूगलचा नकाशा आणि क्रेगलिस्ट या संकेतस्थळावरील भाड्याच्या घरांच्या जाहिराती यांचा मेळ घालून ‘हाउसिंगमॅप्स’ हे संकेतस्थळ तयार केले. दोन ठिकाणची माहिती एकत्र आणणाऱ्या अशा रचनांना पुढे मॅशअप हे नाव रूढ झाले. जून २००५ मध्ये गूगलने अधिकृत एपीआय खुला केला.

प्रारंभीच्या काळात या सेवेचा सर्वसाधारण वापर विनामूल्य होता. ऑक्टोबर २०११ मध्ये गूगलने दिवसाला २५,००० हून अधिक नकाशे उघडणाऱ्या संकेतस्थळांसाठी शुल्क जाहीर केले. २०१२ मध्ये फोरस्क्वेअर या कंपनीने आपल्या संकेतस्थळासाठी गूगलऐवजी ओपनस्ट्रीटमॅपवर आधारित मॅपबॉक्सचा नकाशा स्वीकारला. त्याच वर्षी ओपनस्ट्रीटमॅपची माहिती ओडीबीएल या परवान्याखाली आली.

जुलै २०१८ मध्ये गूगल मॅप्स प्लॅटफॉर्मची नवी दररचना लागू झाली. तीनुसार दरमहा २०० डॉलरची सवलत देण्यात आली आणि संकेतस्थळावरील हलत्या नकाशासाठी दर हजार वेळा उघडण्यास ७ डॉलर असा प्रारंभिक दर ठरला. एखाद्या संकेतस्थळावर रोज २,००० वेळा नकाशा उघडला जात असेल, तर महिन्याची संख्या ६०,००० होते. आधीच्या नियमाप्रमाणे हा वापर पूर्णपणे विनामूल्य मर्यादेत बसत होता. नव्या नियमाप्रमाणे त्याचे शुल्क ४२० डॉलर आणि सवलत वजा जाता २२० डॉलर झाले. आज्ञावलीत एका अक्षराचाही बदल न होता खर्च बदलल्याचे हे उदाहरण आहे. मार्च २०२५ पासून २०० डॉलरची एकत्रित सवलत बंद होऊन प्रत्येक सेवेसाठी स्वतंत्र विनामूल्य मर्यादा आली.

डिसेंबर २०२० मध्ये मॅपबॉक्सने आपल्या रेखाटन-लायब्ररीची दुसरी आवृत्ती मुक्त परवान्याऐवजी मालकी हक्काच्या अटींवर प्रसिद्ध केली. त्यानंतर मुक्त असलेल्या जुन्या आवृत्तीवरून मॅपलिब्रे हा स्वतंत्र प्रकल्प उभा राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम यांनी लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाखाली ओव्हर्चर मॅप्स फाउंडेशनची स्थापना केली. मायक्रोसॉफ्टने आपली बिंग मॅप्स ही सेवा बंद करण्याचे ठरवून ग्राहकांना अझ्युर मॅप्सकडे वळण्यास सांगितले. अशा रीतीने दरवाढ, परवान्यातील बदल आणि सेवासमाप्ती हे तीनही प्रकार या क्षेत्रात घडलेले आहेत.

निवडीचे निकष

माहितीची अचूकता

एकाच सेवेची अचूकता सर्व प्रदेशांत सारखी नसते. महानगरात उत्तम चालणारी सेवा खेड्यात किंवा वाडी-वस्तीवर अपुरी पडू शकते. भारतीय पत्त्यांत घरक्रमांकापेक्षा खुणेच्या जागेला महत्त्व असते. ‘मारुती मंदिराच्या मागे’ किंवा ‘जुन्या एसटी स्टँडसमोर’ असा पत्ता माणसाला समजतो. यंत्राला तो समजण्यासाठी त्या खुणेची नोंद नकाशात असावी लागते.

समान नावांची स्थळे ही आणखी एक अडचण आहे. कर्जत नावाचे तालुके रायगड आणि अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांत आहेत. खेड हा तालुका रत्नागिरी जिल्ह्यातही आहे आणि पुणे जिल्ह्यातही आहे. मालेगाव नाशिक व वाशिम या दोन्ही जिल्ह्यांत आढळते. जिल्ह्याचे नाव किंवा पिनकोड न देता केलेल्या शोधात चुकीचे गाव मिळण्याची शक्यता असते. नामांतरामुळेही असाच प्रश्न उद्भवतो. २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद जिल्ह्यांची नावे अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशी झाली. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जुन्या दस्तऐवजांतील पत्ते शोधण्यासाठी जुनी आणि नवी अशी दोन्ही नावे ओळखणारी सेवा लागते.

दोन ठिकाणांमधील सरळ रेषेतील अंतर आणि प्रवासाचे अंतर यांत मोठी तफावत असू शकते. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून मांडवा समुद्रावरून सरळ रेषेत सुमारे १५ किलोमीटर आहे. रस्त्याने जाताना मात्र खाडीला वळसा घालावा लागत असल्याने अंतर कित्येक पटींनी वाढते. जवळचे रुग्णालय केवळ सरळ अंतरावरून ठरवणारी आज्ञावली खाडीपलीकडचे रुग्णालय सुचवू शकते. म्हणून अशा कामासाठी मार्गशोध सेवा आवश्यक ठरते.

भाषा आणि लिपी

मराठी वापरकर्त्यांसाठी तयार होणाऱ्या प्रकल्पात स्थळनामे देवनागरीत दिसणे आणि देवनागरीत शोधता येणे या दोन स्वतंत्र गरजा आहेत. एखादी सेवा नावे मराठीत दाखवते, परंतु मराठीतून केलेला शोध नीट ओळखत नाही, असे घडू शकते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एकाच स्थळाची अनेक भाषांतील नावे स्वतंत्रपणे नोंदवण्याची सोय आहे. मराठी नाव नोंदलेले नसल्यास ते कोणाही स्वयंसेवकाला भरता येते. वेक्टर नकाशे रेखाटणाऱ्या काही लायब्ररींत देवनागरीतील जोडाक्षरे तुटणे आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी उमटणे हा दोष दीर्घकाळ राहिला आहे. ‘चिपळूण’, ‘सिंधुदुर्ग’ किंवा ‘त्र्यंबकेश्वर’ यांसारखी नावे दाखवून पाहिल्यास हा दोष तत्काळ लक्षात येतो.

शुल्क

शुल्काचा अंदाज वापरकर्त्यांच्या संख्येवरून नव्हे, तर मागण्यांच्या संख्येवरून करावा लागतो. एक वापरकर्ता एका भेटीत नकाशा उघडतो, नाव शोधतो आणि मार्ग मागतो. या तीन वेगवेगळ्या मागण्या होतात. अक्षरागणिक नावे सुचवणाऱ्या सेवेत एका शब्दासाठी अनेक मागण्या जाऊ शकतात. अंतरसारणीत दहा आरंभस्थाने आणि दहा गंतव्यस्थाने दिल्यास शंभर अंतरांची गणना होते. एपीआयची किल्ली उघड्यावर राहिल्यास तिचा गैरवापर होऊन मालकाच्या नावे शुल्क आकारले जाऊ शकते. त्यामुळे किल्ली विशिष्ट संकेतस्थळापुरती मर्यादित करणे व दैनंदिन मर्यादा घालणे ही प्राथमिक दक्षता मानली जाते.

परवाना आणि साठवण

मिळालेली माहिती स्वतःच्या संगणकावर किती काळ ठेवता येईल, हे परवान्यावर अवलंबून असते. गूगलच्या अटींनुसार जिओकोडिंगमधून मिळालेले अक्षांश-रेखांश साधारणपणे ३० दिवसांपर्यंतच तात्पुरते साठवता येतात. स्थळाचा ओळखक्रमांक मात्र कायम ठेवता येतो. गूगलची माहिती अन्य कंपनीच्या नकाशावर दाखवण्यासही मनाई आहे. एखाद्या संस्थेला आपल्या शाळांची किंवा ग्रंथालयांची कायमस्वरूपी यादी स्थानांसह तयार करायची असेल, तर ही अट निर्णायक ठरते.

ओपनस्ट्रीटमॅपची माहिती साठवण्यास, बदलण्यास आणि व्यापारी कामासाठी वापरण्यास परवानगी आहे. त्यासाठी श्रेयनिर्देश करावा लागतो आणि त्या माहितीत भर घालून तयार केलेला विदासंच प्रसिद्ध केल्यास तोही त्याच परवान्याखाली खुला करावा लागतो. मात्र माहिती मुक्त असणे आणि सेवा अमर्याद असणे यांत फरक आहे. ओपनस्ट्रीटमॅपचे सार्वजनिक सर्व्हर देणग्या व स्वयंसेवेवर चालतात. त्यांच्या नॉमिनाटिम या शोधसेवेवर सेकंदाला एकापेक्षा अधिक मागण्या पाठवण्यास परवानगी नाही. मोठ्या प्रकल्पांना स्वतःचा सर्व्हर उभारावा लागतो किंवा या माहितीवर आधारित सशुल्क सेवा घ्यावी लागते.

खासगीपणा

मार्गशोधाच्या प्रत्येक मागणीतून कोण, कोठून, कोठे व केव्हा जात आहे याची माहिती पुरवठादाराकडे जाऊ शकते. भारतात डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ हा कायदा संमत झाला आहे. रुग्ण, विद्यार्थी किंवा संरक्षणाची गरज असलेल्या व्यक्ती यांच्याशी संबंधित प्रकल्पांत कोणती माहिती बाहेर पाठवली जाते, याची तपासणी निवडीपूर्वीच करावी लागते.

भारतातील स्थिती

१७६७ मध्ये स्थापन झालेली भारतीय सर्वेक्षण विभाग ही देशाची अधिकृत नकाशा संस्था आहे. भारताच्या सीमा या विभागाच्या नकाशांशी विसंगत दाखवून नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमानुसार गुन्हा ठरू शकतो. परदेशी सेवांच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत वादग्रस्त सीमा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. म्हणून भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रकल्पासाठी भारतीय आवृत्ती वापरली जाते की नाही, हे पाहणे आवश्यक असते.

१५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र शासनाने भूस्थानिक माहितीविषयी नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांमुळे भारतीय संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी आधी घ्यावी लागणारी परवानगी बहुतांशी रद्द झाली. क्षितिजसमांतर १ मीटर व उंचीत ३ मीटर यांहून सूक्ष्म माहिती तयार करण्याचा व बाळगण्याचा अधिकार भारतीय संस्थांपुरता राखून ठेवण्यात आला. परदेशी कंपन्यांना अशी सूक्ष्म माहिती भारतीय संस्थेकडून परवान्याने घेऊन भारतातील ग्राहकांसाठी वापरता येते. परंतु ती एपीआयद्वारेच आणि स्वतःच्या सर्व्हरवर न उतरवता वापरावी लागते. जुलै २०२२ मध्ये गूगलने जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्रा या भारतीय कंपन्यांच्या साहाय्याने भारतात स्ट्रीट व्ह्यू ही रस्त्यांच्या छायाचित्रांची सेवा सुरू केली. तिच्या पहिल्या टप्प्यात मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचे अहमदनगर यांचा समावेश होता.

भारतीय पुरवठादारांत १९९५ मध्ये स्थापन झालेली मॅपमायइंडिया ही कंपनी जुनी असून तिची सेवा मॅपल्स या नावाने चालते. इस्रोने २००९ मध्ये भुवन हे उपग्रहचित्रांचे व विषयवार नकाशांचे संकेतस्थळ सुरू केले. जुलै २०२४ मध्ये ओला कंपनीने गूगलची सेवा सोडून स्वतःचा नकाशा वापरण्यास आरंभ केला आणि तो इतरांसाठीही उपलब्ध केला. गूगलने १ ऑगस्ट २०२४ पासून भारतातील ग्राहकांसाठी ७० टक्क्यांपर्यंत दरकपात लागू केली.

पत्त्यांच्या बाबतीत पिनकोड हा अजूनही मुख्य आधार आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलात आली. पिनकोड टपाल वितरणाचा विभाग दर्शवतो, विशिष्ट घर दर्शवत नाही. २०२५ मध्ये भारतीय टपाल विभागाने डिजिपिन ही पद्धत जाहीर केली. तीत देशाचे सुमारे ४ मीटर बाजूचे चौकोन पाडून प्रत्येकाला अक्षरे व अंक यांचा दहा चिन्हांचा संकेत दिलेला आहे. हा संकेत अक्षांश-रेखांशांवरून गणिताने निघतो. त्यामुळे ज्या वस्तीची नोंद कोणत्याही नकाशात नाही, तिलाही तो लागू होतो.

निवडीची पद्धत

सेवेची निवड करण्यापूर्वी प्रकल्पाच्या कार्यक्षेत्रातील, ज्यांचे खरे स्थान आधीच ठाऊक आहे असे पत्ते घेऊन प्रत्येक सेवेची चाचणी घेणे ही विश्वसनीय पद्धत मानली जाते. चाचणीत शहरातील पत्ते, गावातील पत्ते, समान नावांची गावे, जुनी नावे आणि देवनागरीतील लेखन यांचा समावेश असावा लागतो. उत्तर न मिळणे आणि चुकीचे उत्तर मिळणे यांची नोंद वेगळी ठेवली जाते. कारण चुकीचे उत्तर खात्रीने दिले गेल्यास ते लक्षात येत नाही आणि अधिक हानी करते.

प्रकल्पाच्या स्वरूपानुसार निवड बदलते. एका संस्थेचे स्थान दाखवण्यासाठी साधे स्थिर चित्र पुरते. वाहतुकीच्या चालू स्थितीवर अवलंबून असलेल्या प्रकल्पाला व्यापारी सेवेची गरज भासते, कारण अशी माहिती मुक्त स्रोतांतून सहसा मिळत नाही. दीर्घकाळ टिकवायची सार्वजनिक माहिती, स्थानिक इतिहासाच्या नोंदी किंवा इंटरनेट नसताना चालणारे ॲप यांसाठी साठवणुकीची मुभा देणारी मुक्त माहिती अधिक उपयुक्त ठरते. अनेक प्रकल्प मिश्र मार्ग स्वीकारतात: पायाभूत नकाशा एका ठिकाणाहून आणि मार्गशोध दुसऱ्या ठिकाणाहून घेतात. परवान्याच्या अटी परस्परविरोधी नसतील तरच हे शक्य होते.

पुढे सेवा बदलावी लागण्याची शक्यता गृहीत धरून मुख्य आज्ञावली आणि एपीआय यांच्यामध्ये एक स्वतंत्र थर ठेवला जातो. सर्व मागण्या त्या थरातून जातात. सेवा बदलल्यास तेवढाच भाग नव्याने लिहावा लागतो. स्वतः गोळा केलेली स्थाने पुरवठादाराच्या ओळखक्रमांकांवर विसंबून न ठेवता जिओजेसनसारख्या खुल्या स्वरूपात वेगळी जपली, तर नकाशा बदलला तरी प्रकल्पाची स्वतःची माहिती त्याच्याच हाती राहते.